उठून गेलेला रिकार्डो

२००६ च्या वर्ल्ड कपमधली इंग्लंड-पोर्तुगाल क्वार्टर फायनल ज्यांनी पाहिली, त्यांना दोन गोष्टी हमखास आठवतात. वेन रूनीला मिळालेलं लाल कार्ड आणि त्यानंतर रोनाल्डोनं आपल्या बेंचकडे बघून मारलेला डोळा. त्या डोळ्यावरून काय चर्चा झाली! सामना शनिवारी रात्री झाला आणि सोमवारी आमच्या ऑफिसात चहाच्या वेळी सरळ दोन तट पडले. पण रूनीचा पाय ज्याच्यावर पडला, तो खाली कळवळणारा माणूस कोण होता? विचारून बघा कुणाला. दहातले नऊ जण डोकं खाजवतील.

तो रिकार्डो कार्व्हालो. (खरा उच्चार ‘कार्व्हाल्यो’च्या जवळचा आहे, पण गोव्यात हे आडनाव बरंच आढळतं आणि माझा म्हापशाचा मित्र ‘कार्व्हालो’च म्हणतो. मग मीही तेच लिहितो. जाणकारांनी माफ करावं :))

बचावपटूचं हे असंच असतं. त्यातून कार्व्हालो काही धसमुसळा गडी नव्हता. चेंडू कुठे येणार हे आधी ओळखायचं आणि तिथे दोन पावलं आधी जाऊन उभं राहायचं, हा त्याचा खेळ. अशा माणसाच्या कामाची झलक टीव्हीवर दाखवणार तरी कशी? २००४-०५ मध्ये चेल्सी इंग्लंडची विजेती झाली, तेव्हा ३८ सामन्यांत त्यांच्यावर फक्त १५ गोल झाले. पंधरा! त्या भिंतीतला जॉन टेरी सगळ्यांना माहीत, शेजारी उभा असलेला हा बिचारा फारसा नाही.

मला त्याच्या खेळाबद्दल लिहायचं आहेच, पण खरं सांगायचं तर आज लिहायचं आहे ते त्याच्या न खेळण्याबद्दल.

त्यासाठी थोडं मागे जाऊ. जन्म १९७८ चा, गाव उत्तर पोर्तुगालमधलं अमारांत. पोर्टो क्लबनं त्याला घेतलं खरं, पण लगेच खेळवलं नाही. आधी लेसा, मग सेतुबाल, मग अल्व्हेर्का, असं उसना देत फिरवलं. पुढे मोरिन्यो प्रशिक्षक म्हणून आला आणि गाडी सुसाट निघाली. २००३ ला यूएफा कप आणि २००४ च्या मे महिन्यात थेट चॅम्पियन्स लीग. युरोपातला सगळ्यात मोठा क्लब करंडक! त्यानंतर अवघ्या सतरा दिवसांनी पोर्तुगालमध्येच युरो सुरू झाली आणि पहिल्या सामन्यात कार्व्हालो कुठे होता? बाकावर. त्याच्या जागी फर्नांडो कोतो खेळला. देशासाठी शंभराहून जास्त सामने खेळलेला, चौतिशीतला ज्येष्ठ माणूस. ग्रीसनं तो सामना २-१ जिंकला. पुढच्या सामन्यात प्रशिक्षक स्कोलारीनं कोतोला बसवलं आणि कार्व्हालोला उतरवलं. पोर्तुगाल अंतिम सामन्यापर्यंत गेला (आणि पुन्हा ग्रीसकडूनच हरला, ते दुःख वेगळं).

ही २००४ ची अदलाबदल लक्षात ठेवा बरं का. पुढे लागणार आहे.

ऑगस्ट २००५. चेल्सीच्या मोसमातल्या पहिल्याच सामन्यात मोरिन्योनं त्याला बाहेर ठेवलं. कार्व्हालोनं मायदेशातल्या पत्रकारांपुढे नाराजी बोलून दाखवली. मोरिन्योनं त्याच्या बुद्ध्यांकाची चाचणी घ्यायला हवी, अशा अर्थाचं काहीतरी चारचौघांत सुनावलं. प्रकरण मिटलं, दोघं पुढे रिअल माद्रिदमध्येही एकत्र होते. पण बाकावर बसणं ह्या माणसाला सोसत नाही, हे तेव्हाच दिसलं होतं.

मग २०११. वय ३३. सायप्रसविरुद्ध पात्रता सामना होता आणि पोर्तुगालचं सराव शिबिर चालू होतं. आपण पहिल्या अकरात नाही हे कार्व्हालोच्या लक्षात आलं आणि तो कुणाला न सांगता सरळ शिबिर सोडून निघून गेला. मागोमाग जाहीर केलं की मला मान मिळाला नाही, यापुढे देशासाठी खेळणार नाही. प्रशिक्षक पावलो बेंतोनं त्याला पळपुटा ठरवलं. सैन्यातून पळालेल्या शिपायासाठी वापरतात तो शब्द. कार्व्हालोनंही उलट शब्द वापरले. फेडरेशननं वर्षभराची बंदी घातली. २०१२ ची युरो गेली, २०१४ चा वर्ल्ड कप गेला.

तेव्हा सगळ्यांनी एकच निदान केलं, अहंकार. मला ते अर्धवट वाटतं. फॉरवर्डला बसवलं तर त्याचे गोल त्याच्या वतीनं बोलतात. पेपरात आकडे छापून येतात, लोक आरडाओरडा करतात. बचावपटूनं काय दाखवायचं? न झालेले गोल? अकरात आपलं नाव असणं, एवढी एकच पावती त्याच्याकडे असते. ती काढून घेतली की वर्षानुवर्षांचं काम कुठेच लिहिलेलं नाही असं वाटत असणार. याचा अर्थ तो बरोबर वागला असा नाही. सात वर्षांपूर्वी कोतोही असाच बसला होता, आणि कुणामुळे बसला होता हे कार्व्हालोइतकं कुणाला ठाऊक होतं?

हे मी इतक्या अधिकारवाणीनं लिहितोय त्याला कारण आहे. घरच्यांना किस्सा माहीत आहे, ताई तर अजून चिडवते. आमच्या हौशी नाटकवाल्यांच्या ग्रुपमध्ये मी बारा वर्षं मुख्य नाही तर निदान दोन नंबरची भूमिका करत होतो. एका वर्षी नवीन दिग्दर्शक आला आणि वाचनाच्या दिवशी माझं पात्र एका सव्वीस वर्षांच्या मुलाकडे गेलं. मला आधी कुणी काही बोललं नव्हतं. मी डोकं दुखतंय म्हणालो, स्कूटर काढली आणि घरी आलो. तो प्रयोगही बघितला नाही. मुलगा चांगलं करतो असं पुढे चार जणांकडून ऐकलं, आणि ते ऐकून आनंद झाला असं लिहिलं तर ते खोटं होईल. त्यानंतर मी तालमीच्या हॉलची पायरी चढलेलो नाही.

असो.

कार्व्हालोच्या नशिबानं दार पुन्हा उघडलं. २०१४ च्या सप्टेंबरात पोर्तुगाल घरच्या मैदानावर अल्बानियाकडून हरला, बेंतो गेला आणि फर्नांडो सांतोस आला. त्यानं ऑक्टोबरात छत्तीस वर्षांच्या कार्व्हालोला परत बोलावलं. कोपनहेगनला डेन्मार्कविरुद्ध तो खेळला, आणि जादा वेळेत रोनाल्डोच्या गोलनं पोर्तुगाल जिंकला.

आणि मग २०१६ ची युरो. अडतिसाव्या वर्षी कार्व्हालो गटातले तिन्ही सामने पहिल्यापासून खेळला. तिन्ही बरोबरीत. तिसऱ्यात तर हंगेरीनं तीन गोल मारले (त्यातले दोन आपल्याच खेळाडूंना लागून वळलेले, पण शिव्या बचावफळीलाच). पुढचा सामना क्रोएशियाशी होता. सांतोसनं कार्व्हालोला बसवून जोझे फोंतेला आणलं. फोंतेची गोष्ट स्वतंत्र लेखाची आहे. तो इंग्लंडच्या तिसऱ्या पातळीवरच्या लीगमध्ये खेळून वर आलेला, आणि पोर्तुगालकडून पहिला सामना मिळाला तेव्हा तिशीत होता. पोर्तुगालनं क्रोएशियाला हरवलं, मग पोलंडला. सेमीफायनलला पेपे दुखापतीमुळे बाहेर. आता तरी? नाही. ब्रुनो आल्व्हेस खेळला.

ह्या खेपेला मात्र कार्व्हालो उठून गेला नाही.

का, ते मला माहीत नाही. वर्तमानपत्री लिखाणात याला लगेच ‘प्रायश्चित्त’ वगैरे म्हणतात, माझा त्यावर विश्वास नाही. कदाचित गुडघे थकले असतील. कदाचित बारा वर्षांपूर्वीचा कोतो आठवला असेल. किंवा एकदा उठून गेल्यावर घरी बसून सामने बघताना काय वाटतं, ते कळून चुकलं असेल. हे शेवटचं कारण मला सगळ्यात पटतं, पण तो माझा अनुभव बोलतोय.

१० जुलैचा अंतिम सामना आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू झाला. समोर फ्रान्स. २००६ च्या सेमीफायनलमध्ये ह्याच फ्रान्सच्या ऑन्रीला पाडून पेनल्टी दिली होती ती कार्व्हालोनंच, आणि झिदाननं त्यावर गोल मारून पोर्तुगालला घरी पाठवलं होतं. आता दहा वर्षांनी हिशेब चुकता होत होता आणि हा बाहेर. १०९ व्या मिनिटाला एडरनं गोल केला. पोर्तुगालचं पहिलं मोठं विजेतेपद. कार्व्हालोच्या गळ्यातही सुवर्णपदक आलं.

देशासाठी तो पुन्हा खेळला नाही. नोंदवहीत त्याचे ८९ सामने आहेत, शेवटचा हंगेरीविरुद्धचा. त्यानंतरचे बाकावरून पाहिलेले चार धरायची पद्धत नाही. मी मात्र ९३ मोजतो. २०११ चं निघून जाणं त्याच्या प्रत्येक परिचयात येत असेल, तर ह्या चार रात्रीही यायला हव्यात की नाही, सांगा.

परवा ताईचा फोन होता. आमच्या जुन्या ग्रुपचं नवीन नाटक बसतंय आणि त्यांना पडदा ओढायला माणूस हवाय म्हणे. ती म्हणाली, विचारून बघ. नंबरही पाठवलाय तिनं. अजून फोन केलेला नाही.