परिचारिकेची माया आणि डॉक्टरांची बुद्धि

राजारामपुरींत दवाखान्यांस तोटा नाहीं. आजाऱ्यास भेटून तेथून बाहेर पडणाऱ्या सुशिक्षित मंडळींच्या तोंडीं मात्र एकच सिद्धांत: डॉक्टर स्वभावानेंच तुटक, परिचारिका स्वभावानेंच मायाळू. हा सिद्धांत आम्हांस सपशेल अमान्य आहे.

खाटेपाशीं पांच मिनिटें उभें राहणारें माणूस आणि तेथेंच आठ तास वावरणारें माणूस यांच्या बोलण्यांत फरक पडावयाचाच. एकास निर्णय करून पुढच्या खाटेकडे जावयाचें असतें. दुसऱ्यास त्या निर्णयाचे परिणाम रात्रभर पाहावयाचे असतात. हा कामाच्या वांटणीचा फरक आहे, पिंडाचा नव्हे. पिंडाची भाषा बोलणाऱ्यांनीं याच शहराचा इतिहास आठवावा. १८८६ सालीं आनंदीबाई जोशी अमेरिकेंत डॉक्टर झाल्या, तेव्हां येथील दरबारानें त्यांस आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या (आजच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाच्या) स्त्रीविभागावर नेमलें. जागेवर रुजू होण्यापूर्वींच, १८८७ च्या फेब्रुवारींत, त्या वारल्या. पण बाईचा पिंड शुश्रूषेचाच, असें म्हणून दरबार अडला नव्हता!

आतां ती ‘माया’. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांतील परिचारिका अरुणा शानभाग १९७३ सालच्या अमानुष हल्ल्यानंतर २०१५ पर्यंत तेथेंच अंथरुणास खिळून होत्या. सहकारी परिचारिकांनीं त्यांना शय्याव्रण होऊं दिलें नाहीं, म्हणून त्यांच्या मायेचे गोडवे देशभर गायिले गेले. माया होतीच, परंतु मायेनें शय्याव्रण टळत नाहीं. ठराविक तासांनीं कूस बदलावी लागते, त्वचेचा रंग पारखावा लागतो, भरविलेला घास श्वासनलिकेंत तर जात नाहीं ना, यावर डोळा ठेवावा लागतो. हें शास्त्र आहे. त्यास स्वभाव म्हटलें कीं वेतनाचा प्रश्न मिटला, मत विचारण्याचाही मिटला. आणि डॉक्टरांचा तुटकपणा स्वभाव ठरला कीं त्याचा जाब विचारावयास नको. दोन्ही पक्षीं सोय! सर्वोच्च न्यायालयानें मात्र २०११ च्या निकालांत अरुणाबाईंच्या वतीनें बोलण्याचा अधिकार त्यांची देखभाल करणाऱ्या रुग्णालयाच्या सेवकवर्गाचाच मानला.

रात्रीं दोन वाजतां नाडी मंदावल्याचें प्रथम कोणाच्या ध्यानांत येतें, आणि तसा फोन गेल्यावर पलीकडून कोणत्या स्वरांत उत्तर मिळतें, हें आमच्या सिद्धांतवाद्यांनीं एकदां खाटेशेजारीं बसून ऐकावें.