राखेचा रस्ता कोणाच्या दारी?

विदर्भातील काळी जमीन कापूस पिकविते, पण रस्ता पेलत नाही. तिच्यातील चिकणमाती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा रस्ता उखडून टाकते. यावरचा रूढ उपाय म्हणजे टेकड्या पोखरून मुरूम आणणे व तो खाली भरणे. मुरमाची खाण जितकी दूर, तितका खर्च अधिक. आणि खर्च वाढला की आडवळणाच्या खेड्याचा रस्ता मागे पडतो.

याच विदर्भात कोराडी, खापरखेडा व चंद्रपूर येथील औष्णिक वीजकेंद्रे राखेचे ढीग रचीत आहेत. ही राख चुन्यासह काळ्या मातीत कालवून, योग्य ओल राखून दाबली, तर मातीचे फुगणे घटते व तिला बळकटी येते. हे ज्ञान नवे नाही. इंडियन रोड्स काँग्रेसने १९८४ मध्येच त्याची कार्यपद्धती प्रसिद्ध केली. केंद्र सरकारने १९९९ पासून राखेच्या वापराची सक्ती केली. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने न वापरलेल्या राखेवर टनामागे एक हजार रुपयांची भरपाई बसविली.

तंत्र आहे, कायदाही आहे. अडते ते हिशेबाच्या प्रश्नावर. वीजकेंद्राच्या जमाखर्चात कोळसा, मजुरी व व्याज यांची नोंद होते. विहिरीत उतरणारी राख तेथे दिसत नाही. जुलै २०२२ मध्ये कोराडीजवळ खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला आणि राखेचा गाळ शेतांत शिरला. शहराच्या विजेची अशी किंमत खेडे मोजते. आता तीच राख रस्त्यात गेली आणि वाचलेल्या मुरमाचे पैसे ठेकेदाराच्या खिशात राहिले, तर अन्याय दुप्पट होईल.

म्हणून कार्यकर्त्यांनी तीन मागण्या लावून धरल्या पाहिजेत. राखेचे पहिले रस्ते राखग्रस्त गावांना मिळावेत. किती राख वापरली व किती खर्च वाचला, याचा तपशील ग्रामसभेपुढे वाचला जावा. राखेत आर्सेनिकसारखी विषारी द्रव्ये असतात. तेव्हा ती उघडी न ठेवता मातीने झाकावी आणि जवळच्या विहिरींचे पाणी नियमित तपासावे.

ज्यांनी राख सोसली, रस्त्यावर पहिला हक्क त्यांचाच आहे.