रोल धुऊन येईपर्यंत

फिल्मवर छायाचित्रे काढणाऱ्यांना स्मरणरंजनात रमलेले ठरवून मोकळे होण्याची रीत पडली आहे. हा आरोप आम्हांस मान्य नाही. (फिल्म म्हणजे सत्य आणि डिजिटल म्हणजे आभास, असे आमच्यातलेच काही जण म्हणतात, तो भाबडेपणा त्यांचा त्यांना लखलाभ!) आमचा आनंद आहे तो न दिसण्याचा. कळ दाबल्यावर प्रतिमा फिल्मवर उमटते खरी, पण सुप्त राहते. रोल धुऊन येईपर्यंत ती आम्हांलाही दिसत नाही. तोवर भरवसा केवळ आपल्या पाहण्याचा. डिजिटल कॅमेरा समोरचा प्रसंग चालू असतानाच नजर पाठीमागच्या पडद्याकडे ओढून नेतो. तो पडदा बंद ठेवता येतोच की, असे कोणी म्हणेल. येतो; पण ठेवतो कोण?

स्टीव्ह मॅकरी यांनी २०१० साली कोडॅक्रोमचा कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल वापरला. त्यातल्या ३६ चौकटी न्यूयॉर्कपासून भारतापर्यंत पुरवायच्या, म्हणजे प्रत्येक होकारामागे कितीतरी नकार आले. मोबाइलमधल्या छायाचित्रावर मागाहून फिल्मचे दाणे पेरून ही निवड कशी येणार? रोल आणि धुलाई दोन्ही महागली आहेत, विद्यार्थ्यांना ती परवडत नाहीत, हा आक्षेप मात्र खरा आहे; त्यावर आमच्याकडे उत्तर नाही.