सुपारी फुटली, विडा रंगला नाही

आपल्याकडे सुपारी फुटली की लग्न ठरलं म्हणायचं. त्याच सुपारीला मुंबईच्या गुन्हेगारी जगाने दुसरा अर्थ चिकटवला आणि तो आता इतका रुळलाय, की पेपरात 'सुपारी दिली' असं वाचलं तर कुणाला हळदी-कुंकू आठवत नाही. हे दोन्ही अर्थ एकाच घरात आणणारा एक इंग्रजी सिनेमा परवा टीव्हीवर पाहिला. 'अ परफेक्ट मर्डर', १९९८ सालचा. नवरा बायकोच्या खुनाची सुपारी देतो, आणि ती कुणाला, तर तिच्याच प्रियकराला! हा प्रियकर चित्रकार म्हणवतो, पण मुळात तुरुंगात जाऊन आलेला, पैसेवाल्या बायकांना नादी लावून लुटणारा भामटा. एवढा मसाला हाताशी असताना सिनेमा फिका पडावा, याला काय म्हणायचं?

(ज्यांना पाहायचा आहे त्यांनी आधीच सावध व्हा. मी शेवट सांगणार आहे.)

मायकेल डग्लस हा न्यूयॉर्कमधला बडा शेअरबाजारवाला नवरा, स्टीव्हन. आतून पार बुडालेला. ग्वेनेथ पॅल्ट्रो त्याची बायको एमिली, सुमारे दहा कोटी डॉलरची मालकीण. नवरा प्रियकराच्या घरी जातो, चित्रं बघत बघत त्याची सगळी कुंडली त्याच्या तोंडावर वाचतो आणि मग शांतपणे भाव सांगतो. पाच लाख डॉलर. एक लाख आधी, चार काम झाल्यावर. हा प्रसंग खरंच फक्कड जमलाय. आवाज चढत नाही, हाणामारी नाही. कांद्याच्या वखारीत सौदा व्हावा तसं दोघं बोलतात.

मी मनातल्या मनात हिशेब केला. दहा कोटींची बाई आणि तिच्या जिवाची किंमत पाच लाख, म्हणजे शंभराला अर्धा! आमच्याकडे प्लॉटचा एजंटसुद्धा दोन टक्के मागतो हो.

इथवर मी अगदी टेकून बसले होते. पुढे मात्र घसरगुंडी सुरू झाली.

गोष्ट मुळात जुनी आहे. फ्रेडरिक नॉटच्या नाटकावरून हिचकॉकने १९५४ साली 'डायल एम फॉर मर्डर' काढला होता. त्यात ग्रेस केली. हिंदीत १९८५ साली 'ऐतबार' आला. राज बब्बर आणि डिंपल, आणि आशाताई-भूपिंदर यांची ती गझल अजून रेडिओवर लागली की हातातलं काम थांबतं. १९९८च्या या नव्या अवतारावरून पुन्हा २००२ साली अब्बास-मस्तान यांनी 'हमराज' केला, बॉबी देओल, अक्षय खन्ना, अमिषा पटेल यांना घेऊन. तेव्हा ही बाई पडद्यावर किती वेळा मरता मरता वाचलीय बघा!

हिचकॉकच्या सिनेमात तिच्या हाताला शिवणाच्या पेटीतली कात्री लागते. नव्यात ती न्हाणीघरातून फोन घ्यायला स्वयंपाकघरात येते, बुरखा घातलेला माणूस झडप घालतो आणि मांस किती शिजलं ते बघायचा टोकदार थर्मामीटर ती त्याच्या मानेत खुपसते. (ते स्वयंपाकघर आमच्या दोन खोल्यांएवढं आहे, हा भाग वेगळा.) आपल्यापैकी कुणीही असती तरी हात विळीकडे नाहीतर बत्त्याकडेच गेला असता. तो बुरखा निघतो तेव्हा आत प्रियकर नसतोच, भलताच कुणी असतो. त्याने काम परस्पर दुसऱ्याला दिलेलं. नवऱ्याचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होतो.

मग मला वाटलं, आता तरी सिनेमा तिच्याकडे वळेल. ज्या दोघांवर तिने विश्वास टाकला, त्या दोघांनी बसून तिचा भाव ठरवलाय. हे कळल्यावर बाईच्या मनात काय होतं? ती रात्री झोपते कुठे? सकाळी त्याच नवऱ्यासमोर चहा कसा ठेवते? दिग्दर्शक अँड्र्यू डेव्हिस यांना त्यात रस नाही. 'द फ्युजिटिव्ह'सारखा दम काढणारा सिनेमा १९९३ साली याच माणसाने केला होता, म्हणून जास्त राग येतो. इथे दोन पुरुष एकमेकांवर कुरघोडी करत बसतात. एक टेप करतो, दुसरा पैसे उकळू देत नाही, आगगाडीत एकाचा मुडदा पडतो. आणि तो तुरुंगातून आलेला प्रियकर? त्याला कधी क्षणभर तरी तिच्याबद्दल काही वाटलं होतं का, हे शेवटपर्यंत कळत नाही. व्हिगो मॉर्टेन्सनसारखा नट असून नुसती दाढी वाढवून फिरतो.

एक प्रसंग मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. संशय आल्यावर बायको नवऱ्याला जाब विचारते. तो काय म्हणावा? 'तुझा तो मित्र भामटा आहे, मला कळलं होतं, तुला त्रास नको म्हणून मी गप्प राहिलो.' आणि ती विश्वास ठेवते! बायांनो, 'तुझ्याच भल्यासाठी सांगितलं नाही' हे वाक्य आपण किती घरांत ऐकलंय. बुडालेली भिशी, गहाण पडलेले दागिने, मोडलेली एफडी, सगळ्यावर हेच पांघरूण असतं. तिथे खरी भीती होती. सुरीपेक्षा जास्त. सिनेमाने ते वाक्य दोन मिनिटांत उरकलं आणि पुढची गडबड सुरू केली.

आता न्यायाने सांगायचं तर एका बाबतीत हा सिनेमा हिचकॉकच्याही पुढे गेलाय. जुन्यात ग्रेस केलीला चक्क फाशीची शिक्षा होते आणि किल्लीचं कोडं इन्स्पेक्टर सोडवतो. ती बिचारी ढकलू तिकडे जाते. इथे एमिलीच्या जुडग्यातली किल्ली तिच्या दाराला लागत नाही, आणि ती स्वतः डोकं चालवते. मेलेल्या माणसाच्या घरी जाते आणि ती किल्ली तिथल्या कुलपाला लावून बघते. कुलूप उघडतं. म्हणजे खुन्याच्या खिशातली किल्ली कुणीतरी घरातल्याच माणसाने तिची समजून जुडग्यात अडकवली! काय झकास जागा होती ही. मी तर उठून बसले.

तपास अधिकारी झालाय डेव्हिड सूशे, टीव्हीवरचा तो पॉयरो. एमिली अनेक भाषा जाणणारी, त्याच्याशी अरबीतून दोन शब्द बोलते. ही हुशार बाई आणि हा डोकेबाज पोलीस यांनी मिळून नवऱ्याला कोंडीत पकडलं असतं तर? पण नाही. शेवटी झटापट, फर्निचरची मोडतोड आणि तिच्या हातून गोळी. किल्लीने उघडलेली गोष्ट पिस्तुलाने बंद केली.

'एवढं काय मनाला लावून घेता, करमणूक आहे' असं घरातून ऐकवलं गेलंच. करमणूक म्हणूनच तर बघते. १९९८ सालीच आपल्याकडे 'सीआयडी' सुरू झालं आणि तेव्हापासून आपण बायका एसीपी प्रद्युम्नच्या आधी गुन्हेगार ओळखत आलोय. शिवाजी साटमांनी बोटं फिरवायच्या आत माझ्या सासूबाई नाव सांगून मोकळ्या व्हायच्या. अशा प्रेक्षकांना शेवटी नुसती गोळी देऊन भागत नाही.

कधी लागलाच तर स्वयंपाकघरातल्या त्या झटापटीपर्यंत बघा, आणि मग किल्लीच्या वेळी पुन्हा या. मधल्या वेळात भाजी निवडून होते.