कैद्याचे ताट



शब्बाथच्या प्रार्थनेनंतर चार माणसे जमली की हल्ली एक बोलणे हमखास कानी पडते. "तुरुंगातल्या दहशतवाद्यांना पोटभर जेवण कशाला? आपल्या ओलिसांना त्यांनी काय दिले?" 7 ऑक्टोबर 2023 नंतर हा संताप कोणाच्या मनात आला नाही? गाझाच्या भुयारांतून सुटलेल्यांचे खंगलेले देह आपण सर्वांनी पाहिले. तरीही आम्हांस हे बोलणे मान्य नाही.

न्यायाधीश शिक्षा देतो म्हणजे माणसाला कोंडतो. त्याला उपाशी ठेवा, असे कोणत्याही निकालपत्रात लिहिलेले नसते. शिवाय कोंडलेल्यांपैकी कित्येकांचा खटला अद्याप चाललेलाही नसतो. कायद्याने जे काढून घेतले नाही, ते कैद्यापाशीच राहते.

मुंबईकडून आलेल्या आपल्या लोकांना हे तत्त्व परके नसावे. प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांनी मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध असताना अणूविषयी मराठी पुस्तक लिहिले. सरकार ते छापण्यासाठी बाहेर जाऊ देईना. 1965 मध्ये भारताच्या सुप्रीम कोर्टाने सरकारला विचारले की, असे पुस्तक अडवणारा नियम आहे कोठे? पुस्तक बाहेर गेले.

आपल्या इस्राएलमध्येही 2007 मध्ये उच्च न्यायालयाने ठरवले की प्रत्येक कैद्याला निजण्यास खाट मिळालीच पाहिजे; त्याला जमिनीवर झोपवणे चालणार नाही. पुढे 7 सप्टेंबर 2025 रोजी त्याच न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने निकाल दिला की, सुरक्षा कैद्यांना सरकार पुरेसे अन्न देत नाही आणि ते दिलेच पाहिजे. न्यायालयाने येथे नवी मेहेरबानी केलेली नाही. प्रकृती टिकेल इतके अन्न द्यावे, हे आपल्याच कायद्यात लिहिलेले आहे.

या हक्काला मर्यादा आहेत आणि त्या असाव्यात. कैद्याने आवडीचा पदार्थ मागू नये. त्याची पत्रे तपासली जावीत. भेटीगाठी व फोन सुरक्षिततेसाठी बंद ठेवावे लागले, तर ठेवावेत. बाहेर निरोप धाडून कोणाचा जीव घेण्याची मुभा कोणालाच नाही. परंतु या प्रत्येक बंदीमागे काही कारण सांगता येते. भाकरी कमी केल्याने कोणता हल्ला टळतो, ते कोणी सांगावे!

आम्ही नर्सेसनी बेडीने खाटेला जखडलेले कैदी वॉर्डात सांभाळले आहेत. दाराशी पहारा असे. आम्ही ताप पाहिला, जखम धुतली, जेवण भरवले. गुन्हा विचारला नाही. खंगलेल्या शरीरात जखम भरत नाही आणि साधा आजारही घर करतो, हे आम्हांस पुस्तकात वाचावे लागत नाही.

तोरानेही अपराध्याच्या फटक्यांना चाळीसची मर्यादा घातली, कारण त्यापुढे तो आपला भाऊ असून आपल्या डोळ्यांदेखत तुच्छ ठरतो. आपल्या रब्बींनी एक फटका आणखी कमी केला, आणि त्या देहाला किती सोसवेल हे आधी पाहावे असे सांगितले.

ओलिसांना उपाशी ठेवणाऱ्यांना आपण क्रूर म्हणतो, आणि ते क्रूरच आहेत. मग त्यांचेच माप आपल्या स्वयंपाकघरात कशाला आणता? निकाल दोन विरुद्ध एक मताने लागला, म्हणून तो अर्धाच पाळायचा असे होत नाही. सरकारने तो पुरता पाळावा आणि ताटात काय पडते ते डॉक्टरांकडून तपासून घ्यावे, अशी आमची मागणी आहे.