थैली पुरून ठेवणाऱ्यांसाठी

उभी नोकरी बँकेत काढली, म्हणून रुपयांच्या दृष्टांतावर बोलायचा थोडा हक्क सांगतो. मत्तयाच्या २५ व्या अध्यायातला तिसरा दास चोर नव्हता. त्याने एक पैसा खाल्ला नाही. धन्याची रक्कम भीतीपोटी जमिनीत पुरली आणि जशीच्या तशी परत केली. तरी अंधारात टाकला गेला. धनी म्हणतो, निदान सावकाराकडे ठेवायची, व्याज तरी मिळालं असतं. म्हणजे आमची मुदत ठेव ही प्रभूच्या हिशेबात सगळ्यात खालची पायरी! शाबासकी मिळाली ती व्यापारात उतरलेल्या दोघांना.

आमची वडोदऱ्याची मराठी मंडळी मात्र तिसऱ्या दासाचाच कित्ता गिरवते आहे. तोच बाक, तीच गीतं, तीच चार घरं. तरुण याला 'कम्फर्ट झोन' म्हणतात, आम्ही 'भक्ती' म्हणतो. महिन्यातून एका रविवारी सरकारी दवाखान्यात जाऊ, ज्यांच्या उशाशी कोणी नाही त्यांच्यापाशी तासभर बसू, असं सुचवलं की उत्तरं तयार: "आता वय झालं." "आधी आपली माणसं."

वयाचं म्हणाल, तर हारान सोडताना अब्राहाम ७५ वर्षांचा होता. आपल्या ना. वा. टिळकांनी १९१७ साली, पंचावन्नी गाठल्यावर, मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' उभा करायला निघाले.

आणि 'आपली माणसं' कोण? १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या, उपाशी मुलींना घेऊन आल्या. त्यातली कुठली त्यांच्या नात्याची होती? पुढे छप्पनिया दुष्काळात आपल्या या गुजरातेतल्या मुलींनाही केडगावात आसरा मिळाला. आणि पिढ्यान्‌पिढ्या इथलं मीठ खाऊन आम्ही इथल्याच दवाखान्यात जायला कचरतो!

कोणी म्हणेल, आधी मराठी उपासना टिकवा. टिकवायलाच हवी. पण टिकवणं म्हणजे पुरून ठेवणं नव्हे.

पाय दुखत असतील तर रिक्षा करू. गुजराती सगळ्यांना येतंच. सबबी आता पुरे. धनी हिशेब मागेल तेव्हा "रक्कम सुरक्षित आहे" एवढ्यावर तो सही करणार नाही.