बाबासाहेबांचा विमा आणि वस्तीतला एजंट

शिक्षकभरतीची वाट पाहून थकलेला, पोलीसभरतीत उंचीत किंवा धावण्यात बाद झालेला आपला सुशिक्षित तरुण शेवटी काय करतो? विम्याची एजन्सी घेतो. त्याला भांडवल लागत नाही, गाळा लागत नाही, सावकाराची पायरी चढावी लागत नाही. दहावीचे प्रमाणपत्र, थोडे प्रशिक्षण आणि एक परीक्षा एवढ्यावर तो 'विमा प्रतिनिधी' होतो. पाथर्डी, शेवगाव, जामखेडपासून अकोल्यापर्यंत नगर जिल्ह्यातल्या (आताच्या अहिल्यानगरच्या) कोणत्याही गावात जा, बुद्धविहाराच्या ओट्यावर पिशवीत फॉर्म घेऊन बसलेला असा एक तरी कार्यकर्ता भेटतोच. त्याच्या धंद्याकडे चळवळीने कधी गंभीरपणे पाहिले नाही. ते पाहण्याची वेळ आता आली आहे.

विमा हा बाबासाहेबांच्या आर्थिक विचाराचा गाभ्यातला विषय आहे, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? १९४७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेसाठी लिहिलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी दोन गोष्टी मागितल्या होत्या. विमा व्यवसाय पूर्णपणे राज्याच्या मालकीचा असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या मजुरीच्या प्रमाणात आयुर्विमा घेणे सक्तीचे असावे. ज्याच्याकडे जमीन नाही, त्याच्या मृत्यूनंतर बायकापोरांनी कुणाच्या दारात उभे राहायचे, हा प्रश्न त्यामागे होता. त्या मागणीचा पहिला अर्धा भाग देशाने १९५६ साली मान्य केला. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना २४५ खासगी विमा कंपन्या व संस्था राष्ट्रीयीकृत झाल्या आणि १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. दुसरा अर्धा भाग, म्हणजे मजुराच्या विम्याची हमी, मात्र कागदावरच राहिला. ते काम राज्याने स्वतः केले नाही, कमिशनवर एजंटाकडे सोपवले.

आणि पहिला भागही आता उलट दिशेने चालला आहे. २००० साली खासगी कंपन्यांना दार उघडले. परकीय भांडवलाची मर्यादा २६ टक्क्यांवरून २०१५ साली ४९, २०२१ साली ७४ आणि डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने १०० टक्के झाली. २०२२ साली महामंडळाचे शेअर बाजारात आले. भागधारकाला नफा हवा असतो. ऊसतोड मजुराच्या छोट्या पॉलिसीत नफा कितीसा असणार?

याचा परिणाम २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये दिसला. पॉलिसी लवकर सोडणाऱ्याला बऱ्यापैकी पैसे परत मिळावेत, असा नियम विमा नियामकाने केला. नियम न्याय्यच आहे, कारण हप्ते थकून पॉलिसी सोडणारा बहुधा गरीबच असतो. पण त्याचा भार कोणावर पडला? महामंडळाने पारंपरिक पॉलिसींवरचे पहिल्या वर्षाचे कमिशन ३५ टक्क्यांवरून २८ वर आणले आणि नंतरच्या हप्त्यांवरचे ५ टक्क्यांवरून साडेसात केले. एंडोमेंट पॉलिसीची किमान रक्कम एक लाखावरून दोन लाख झाली.

हिशेब करून पाहू. वर्षाला ६,००० रुपये हप्ता असेल तर पहिल्या वर्षी एजंटाला २,१०० ऐवजी १,६८० रुपये मिळतात. गेलेले ४२० रुपये भरून यायला वर्षाला १५० रुपयांच्या वाढीने जवळजवळ तीन वाढीव हप्ते लागतात. ज्याचे गिऱ्हाईक पगारदार आहे, त्याचे हप्ते वीस वर्षे चालतात आणि तो फायद्यात राहतो. ज्याचे गिऱ्हाईक दसरा-दिवाळीला कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागते, त्याच्या पॉलिसी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच बंद पडतात. नियम सर्वांना सारखा, मार मात्र एकालाच.

आपल्या एजंटाचे गिऱ्हाईक गरीबच का, हेही विचारले पाहिजे. विमा ओळखीवर चालतो आणि आपल्या गावात ओळख जातीवर चालते. बागायतदार, व्यापारी, कारखान्याचा अधिकारी आपला विमा आपल्याच माणसाकडे उतरवतो. आपल्या एजंटाला उरते ती वस्ती, पाहुणेरावळे आणि मंडळाचे कार्यकर्ते. बाजार खुला आहे असे म्हणतात, पण हा बाजार वेशीपाशी संपतो.

काही वर्षांपूर्वी पाथर्डी तालुक्यातली एक भगिनी माझ्याकडे आली. नवरा ऊसतोडीला गेला असताना ट्रॉली उलटून वारला. हप्ता तर वेळेवर दिला होता. कुणाकडे? वस्तीतल्याच एजंटाकडे. त्याने डायरीत नोंद केली, पण पैसे भरले नाहीत. चार घरांचे हप्ते जमले की एकदम शाखेत जाऊ, असा त्याचा विचार होता. मधल्या काळात मुलाची फी त्याच पैशातून गेली. पॉलिसी बंद पडली आणि कंपनीने दावा नाकारला. ती मला म्हणाली, "दादा, पैसे तर आम्ही दिले होते. मग ते कुणाला दिले?"

त्या प्रश्नाचे कायद्यातले उत्तर कडू आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली हर्षद शहा विरुद्ध आयुर्विमा महामंडळ या खटल्यात स्पष्ट केले की, एजंटाला हप्ता वसूल करण्याचा अधिकार नाही. त्याच्या हाती दिलेला पैसा महामंडळाला पोचला असे धरता येत नाही. मी नोटीस पाठवली. हप्त्यांचे पैसे एजंटाने परत केले, विम्याची रक्कम काही मिळाली नाही. तो एजंट लबाड नव्हता. पगार नसलेला, देणी असलेला माणूस होता. पण त्या माउलीला त्याच्या गरिबीचा काय उपयोग?

म्हणून समाजबांधवांनो, हप्ता शाखेत, बँकेतून किंवा ऑनलाइन भरा आणि पावती घ्या. फॉर्ममध्ये आजार लपवू नका, एजंटालाही लपवू देऊ नका. नामनिर्देशनात बायकोचे नाव आहे का, ते आजच पाहा. दावा नाकारला तर घरी बसू नका. आजार लपवला हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली महाकाली सुजाता खटल्यात सांगितले आहे. पुण्याच्या विमा लोकपालाकडे तक्रारीला फी नाही, वकीलही लागत नाही. जिल्हा ग्राहक आयोग तर आपल्या शहरातच आहे.

आणि एजंट बांधवांनो, दुसऱ्याचा हप्ता आपल्या खिशात एक रात्रही ठेवू नका. सम्यक आजीविका म्हणतात ती हीच.

पण उपदेशाने पोट भरत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'विमा सखी' योजनेत महिलेला पहिल्या वर्षी दरमहा ७,०००, दुसऱ्या वर्षी ६,००० आणि तिसऱ्या वर्षी ५,००० रुपये विद्यावेतन आहे. म्हणजे एजंटाला ठराविक उत्पन्न लागते, हे सरकारलाच मान्य आहे. पण दुसऱ्या वर्षी ते टिकवायचे तर पहिल्या वर्षीच्या ६५ टक्के पॉलिसी चालू असाव्या लागतात. ऊसतोड्यांच्या वस्तीतली सखी ही अट कशी पाळणार? मजुरांच्या वस्तीत काम करणाऱ्याला ही अट शिथिल करा, हंगामी मजुराला उचल मिळते त्या वेळी हप्ता भरण्याची सोय करा आणि लहान रकमेची पॉलिसी पुन्हा सुरू करा, या तीन मागण्या घेऊन चळवळीने उभे राहिले पाहिजे.

बाबासाहेबांनी विमा मागितला तो मजुरासाठी. भागधारकासाठी नव्हे. जयभीम!